बाजाराच्या दिवशी व्यसनमुक्तीची बैठक भरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारूबंदीची चर्चा आपल्याकडे दुकानापाशी सुरू होते आणि दुकानापाशीच संपते. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून, मतदान करणाऱ्या बायांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेऊन गावी परतलेल्या माणसाचं पुढे काय? उपचार काही आठवड्यांचे, सांभाळायचं मात्र वर्षानुवर्षं. तो एसटीतून उतरतो तेव्हा स्टँडवर जुने सोबतीच उभे असतात. त्याला नवे सोबती कोण देणार?

१९३५ साली अमेरिकेत दारूत बुडालेला एक शेअर दलाल आणि तसाच एक सर्जन एकमेकांशी बोलत बसले, त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली. पुण्यात १९८६ पासून चाललेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही पाठपुराव्याला आणि दारू सोडलेल्यांच्या सोबतीला महत्त्व दिलं. मराठवाड्यात मात्र तालुक्याच्या गावापलीकडे ही सोबत क्वचितच पोचते.

आम्ही काही स्वयंसेवक केज तालुक्यात आठवड्याला बसतो. त्यात दारू सोडलेले आहेत, आशाताई आहेत, माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आहेत. उपदेश कुणी करत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ कसा काढला, एवढंच ज्यानं त्यानं सांगायचं. माझी आग्रहाची सूचना आहे की अशी बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारीच भरवावी. खिशात पैसा असतो, ओळखीचे भेटतात आणि पाय घसरतो तो त्याच दिवशी. शिवाय संध्याकाळी ठेवली तर खेड्यातल्या माणसाची शेवटची गाडी चुकते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघाली की महिनोन्महिने फडावर मुक्काम, अंगमोड काम आणि थकवा घालवायला बाटली. अशा माणसाला रोज रात्री फोन करणारा एक तरी सोबती गावात ठरलेला हवा.

गळ्यात माळ घालून कित्येकांनी दारू सोडली आहे, हे मी पाहिलंय. पण एखादा पुन्हा प्यायला की ‘माळ बाटवली’ म्हणून गाव त्याला झिडकारतं आणि लाजेपोटी तो आणखी पितो. स्वयंसेवकानं दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्या घरी जायला हवं. बायकोसाठी आणि लेकरांसाठी वेगळं बसणंही तितकंच गरजेचं आहे. वर्षानुवर्षं गिळलेलं बोलायला त्या बाईला दुसरी जागा नसते.

एक मात्र कळकळीनं सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरकडेच न्यावं. अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आपल्या भागातच आहे. आणि ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती पाहून भाजीत गुपचूप औषध मिसळू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध पोटात असताना तो माणूस दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

ग्रामपंचायतींना मागणं मोठं नाही. बाजाराच्या दिवशी दुपारी दोन तास समाजमंदिराची खोली द्यावी आणि दर्शनी भिंतीवर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक रंगवावा. यासाठी येत्या ग्रामसभेत ठराव मांडायला आपल्या वाचकांनी पुढे यावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. केज, जि. बीड