कंपनी सुटल्यावर गाडी काढू नकोस

चि. संदेश,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, गणपतीला येताना रात्री ड्युटी संपली की थेट गाडी काढतो, सकाळच्या चहाला कणकवलीत. आई शेजारी बसली होती म्हणून मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. आता लिहितो. तसं येऊ नकोस.

मुंबई-गोवा रस्ता खराब आहे हे तू मला सांगू नकोस. एकतीस वर्षं एस.टी. हाकली त्यावर. २०११ पासून चौपदरीकरण चाललंय. काँक्रीटवर गाडी सुसाट सुटते आणि पुढच्याच वळणावर डायव्हर्जन. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, आपल्या दोन गाड्या त्यात गेल्या. ड्रायव्हरांचा काय दोष होता? तेव्हा सरकारला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मीही घालतो.

पण एक पहाट मी विसरलो नाही. माणगावच्या अलीकडे कडेला बंद पडलेला ट्रक. मागे रिफ्लेक्टर नाही, नुसती झाडाची फांदी टाकलेली. त्याखाली कार शिरलेली, टपावर मखराचे थर्माकोल. पॅसेंजर खाली उतरून ट्रकवाल्याला शिव्या देत होते, आणि त्या बरोबरच होत्या. मी मात्र मागे चालत गेलो आणि रस्ता बघितला. ब्रेकचा एक ओरखडा नव्हता. चालवणाऱ्या पोराच्या मानेभोवती ओला नॅपकिन होता. झोपेशी भांडत आला होता रात्रभर.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. दहातली सात अतिवेगाने, असं सरकारी आकडा सांगतो. मला विचारशील तर त्यात झोपेचे पुष्कळ असणार. झोपलेल्याची गाडीही वेगातच असते ना!

हिशेब कर. ऐंशीच्या स्पीडला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे सहा एस.ट्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढा रस्ता, डोळे मिटून. चहाने, गाण्याने, काच खाली करून झोप जात नाही. हे सगळे उपाय मी केलेत, म्हणून सांगतो.

रात्री घरी झोप, पहाटे पाचला नीघ. ट्रॅफिक लागेल, लागू दे. घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नकोस. ज्या गिअरमध्ये चढलास त्यातच उतर. नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ते तापतात आणि ऐनवेळी पकड सोडतात. छोटीला पुढे सूनबाईच्या मांडीवर मुळीच नको. रडली तरी मागे, तिच्या सीटवर, पट्टा लावून.

कवंडळं, म्हणजे ती रानफळं, आणि नारळ मी आणून ठेवतो. गणपतीवर टांगायची माटवी संध्याकाळी बांधू. आईला मी सांगितलंय की तू दुपारनंतर येणार, त्यामुळे ती सकाळपासून दारात उभी राहणार नाही. निदान तसं म्हणाली तरी आहे.

तुझा,
बाबा