पावसमध्ये ऊन आणि वानरांना गाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान 3 वर आपल्या एफएम केंद्राच्या 'नव्या रूपा'ची बातमी वाचली. बातमी कसली, केंद्राने धाडलेलं पत्रकच ते. 'तरुणाईची धडकन' हे शब्द तुमच्या बातमीदाराचे नसावेत एवढी आशा आहे. नवं नाव, नवा रंग, दिवसभर गाण्यांचा मारा. अभिनंदन. सकाळी सातचा कार्यक्रम बंद झाला, हे मात्र त्या चार कॉलमांत कुठे सापडलं नाही, म्हणून हे पत्र.

मी आंबा बागायतदार. दीडशे कलमं, तीही कातळावर, घरापासून दोन किलोमीटर. राखणीला दोघे नेपाळी भाऊ. गेली सहा वर्षं बागेत एक रेडिओ फांदीला टांगलेला असतो, तो आमच्या करमणुकीसाठी नव्हे, वानरांसाठी. ज्यांच्या बागा आहेत त्यांना सांगायला नको. डबे बडवा, फटाके लावा, बेचकी घेऊन फिरा. चार दिवसांत त्यांना कळतं की यात काही दम नाही. बिचकतात ती माणसाच्या बोलण्याला. तेही एकसुरी नको. मध्येच खो खो हसणारं, मध्येच फोनवर 'अहो काका, ऐकू येतंय का?' असं ओरडणारं.

आपल्या केंद्रावरचे दोघे निवेदक सकाळी सात ते दहा नेमकं हेच करायचे. कोणाची म्हैस हरवलेली असायची, कोणाला नातवाच्या वाढदिवसाला गाणं हवं असायचं, कोणी संगमेश्वरी बोलीत किस्सा सांगता सांगता स्वतःच हसत सुटायचा. गणपतीआधी जाखडी नाच करणारे यायचे आणि शक्ती व तुरा या त्यांच्या दोन पक्षांची गाण्यात अशी जुंपायची की गडी काम टाकून ऐकत उभे राहायचे. हंगामात वानरं कुंपणापलीकडच्या काजूवर बसून वाट बघायची, पण खाली उतरत नसत.

1 तारखेपासून हे सगळं बंद. गाणं, त्यावर गाणं, मध्ये एक जिंगल. पहिले तीन दिवस वानरं लांब राहिली. चौथ्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला, 'साब, रेडिओ के पास ही बैठा है.' जाऊन बघतो तर एक हुप्प्या त्याच फांदीवर आरामात पाय सोडून बसलेला. अंड्याएवढी कैरी तोडायची, एक चावा घ्यायचा, टाकायची, की दुसरी. खाली सडा पडलेला. रेडिओवर पंजाबी गाणं चालू होतं. केंद्राला नवा श्रोतावर्ग हवा होता, तो मिळाला आहे. आकाशवाणी लावून बघितली, पण कातळाच्या त्या अंगाला खरखर फार, आणि खरखरीला वानरं भीत नाहीत.

हसू आलं तर खुशाल हसा, घरी सगळे हसले. पण 2021 चा मे आठवून बघा. शनिवारी, 15 तारखेला, त्याच निवेदकांपैकी एकाने वादळाचा इशारा दर अर्ध्या तासाने वाचला आणि दर वेळी पदरचं एक वाक्य जोडलं, 'बागायतदारांनो, काढण्याजोगा आंबा आजच काढा, उद्यावर टाकू नका.' आम्ही घरातली बायकापोरं धरून अंधार पडेस्तोवर घळ, म्हणजे आंबा उतरवायच्या जाळीच्या काठ्या, चालवले. चाळीस क्रेट आंबा घरात आला. रविवारी तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं आणि झाडावर राहिलेलं बहुतेक सगळं जमिनीवर आलं. मग चार दिवस वीज नाही, मोबाइल मुका. सेलवरच्या त्याच रेडिओने कुठला रस्ता मोकळा झाला ते सांगितलं. मोबाइलवर हवामान बघा म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या कातळावर येऊन इंटरनेटची रेंज शोधून दाखवावी, चहा माझ्याकडे.

केंद्रात फोन केला. मुलगी गोड बोलली. 'सर, खासगी एफएमला बातम्या द्यायची परवानगी नसते.' अगं बाई, बातम्या कोण मागतंय? खासगी एफएमच्या विस्ताराच्या तिसऱ्या टप्प्याचं 2011 चं सरकारी धोरण काढून वाच. हवामान, वाहतूक, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती, यांबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना बातमीत धरलेल्याच नाहीत. वर आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा आहे ती वेगळीच. त्याच धोरणाने एका कंपनीला आपल्या अनेक केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायलाही परवानगी दिली. हे एक कलम तेवढं यांनी बरोबर वाचलं. आमच्या दीडशे कलमांचं काय होतं त्याच्याशी मुंबईत बसून त्यांना काय देणंघेणं!

गुरुवारी हवामान सांगायचा एक प्रयत्न झाला, नाही असं नाही. 'पाऊसमध्ये आज दिवसभर कडक ऊन.' आमची ही चहा गाळता गाळता थांबली. निवेदिका बाईंना आपलं पावस गाव म्हणायचं होतं, हे कळायला दोन मिनिटं गेली.

नाव बदलल्याचा राग नाही. 2023 मध्ये ऑल इंडिया रेडिओनेही ते नाव सोडून फक्त 'आकाशवाणी' ठेवलं. आमच्याकडे कोणाचं काही अडलं नाही, आम्ही पहिल्यापासून आकाशवाणीच म्हणत होतो. पाटी हवी तेवढ्यांदा रंगवा, पण बोलणारी माणसं कशाला काढलीत?

सध्या मीच बोलतो. रोज रात्री तुमचं दैनिक मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि सकाळी बागेतल्या स्पीकरला लावून देतो. अग्रलेखाला वानरं चांगली बिचकतात. नेपाळी भाऊ मात्र वैतागलेत. आणि या निमित्ताने सगळी पानं वाचावी लागतात म्हणून लक्षात आलं: वाशी बाजारातला आंब्याच्या पेटीचा दर पूर्वी पहिल्या पानावर तळाला यायचा. हल्ली तो पान 7 वर शब्दकोड्याच्या कुशीत असतो, आणि असतो परवाचा. ऐन हंगामात परवाचा दर मी दलालाला कोणत्या तोंडाने दाखवू? निदान तेवढा तरी जागेवर आणा.

कळावे,
एक बागायतदार श्रोता
ता. रत्नागिरी