स्लॅबच्या आधी एवढं बघा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

अंगणात उतरलेल्या जांभ्याच्या चिऱ्याचा फोटो पाहिला. बाबा, घराचं काम दसऱ्यानंतर असूनही तो आत्ताच आणलात हे फार बरं केलंत. खाणीतून निघालेला जांभा ओला, मऊ असतो. वारा-ऊन खाल्लं की कडक होतो. भिंतींची मला काळजी नाही. काळजी आहे ती स्लॅबची.

जुन्या पडवीचा स्लॅब आठवतो ना? खाली पाट मांडला की ताटात सिमेंटची खपली पडायची. खपली निघालेल्या जागी सळई दिसायची, बोट लावलं की तांबडा भुगा. खारी हवा आत मुरते, सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. म्हणून सळई शटरिंगला, म्हणजे खालच्या साच्याच्या फळ्यांना, टेकता कामा नये. समुद्राच्या हवेतल्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा तेवढा थर, सांगितलंय. मिस्त्री २० वर भागवतात. तुम्ही इंजिनियरशी बोला आणि सळईखाली ठेवायचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, स्वतः टेपने मोजा, मगच ओतायला सांगा. खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी नको, त्यातही मीठच. आणि पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा दिवस पाणी मारायलाच हवं; मी तर चौदा म्हणेन. ते काम गड्यावर सोडू नका.

टाइल्स, रंग तुमच्या आवडीचे घ्या, ते पुढे बदलता येतात. भिंतीत गाडलेलं बदलता येत नाही. आमच्या फ्लॅटमध्ये आतल्या पाइपाचा एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गळला आणि न्हाणीघराची अर्धी भिंत फोडावी लागली. फरशी बसवायच्या आधी पाइपात दाबाने पाणी भरून रात्रभर ठेवा, सांधे सकाळी बघा. नळ भरीव पितळेचे घ्या, हातात धरलं की वजन कळतं. रेलिंगला ३१६ ग्रेडचं स्टील मागा. ३०४ वर आपल्याकडे लवकर तांबूस ठिपके येतात. महाग पडेल, तो फरक मी देते.

माजघराचा सागवानी दरवाजा मात्र विकू नका, बाबा. त्याला वाळवीने अजून तोंड लावलेलं नाही. नवी चौकट त्याच्या मापाने करून घेऊ.

आई, आता तुझं काम. न्हाणीत खडबडीत फरशी बसवायची आणि धरायला दांडी. चिरा सच्छिद्र असतो, नुसता स्क्रू मारला तर सैल होईल. दांडीच्या जागी आधीच काँक्रीट भरायला सांगायचंय. पण ती जागा तुझ्याशिवाय कोणाला ठरवता येणार नाही. उद्या आंघोळीनंतर उठताना तुझा हात भिंतीला जिथे टेकतो, तिथे पेन्सिलीने खूण कर आणि जमिनीपासून माप घेऊन मला कळव. गुडघा दुखत असेल त्या दिवशीचंच माप घे.

तुमची,
मनू