नोटबुकातला न चालणारा व्हिडिओ आणि विद्यार्थ्यांचे गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा जवळ आल्या की दरवर्षी एकच तक्रार माझ्याकडे येते : ‘मॅडम, कोड रन होतोय, पण व्हिडिओ प्लेच होत नाही.’ गेली काही वर्षे मी पायथन आणि प्रतिमा-प्रक्रिया हे विषय शिकवते. या एका अडचणीपायी चांगल्या मुलांचे दिवसच्या दिवस वाया जातात आणि गुणही कापले जातात, हे मी जवळून पाहिले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

या वर्षी एका विद्यार्थिनीने साताऱ्याच्या पोवई नाक्यावर मोबाइलने चित्रण करून वाहने मोजण्याचा प्रकल्प केला. कोलॅब या गूगलच्या ऑनलाइन सेवेतल्या ‘नोटबुका’त, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवण्याच्या पानावर, ओपनसीव्ही या प्रतिमा-प्रक्रियेच्या पॅकेजने तिने प्रत्येक वाहनाभोवती चौकट काढली, नवा व्हिडिओ तयार केला आणि प्रयोगपुस्तिकेत छापलेल्या ओळीप्रमाणे तो सेलखाली, म्हणजे कोडच्या चौकटीखाली, दाखवायला सांगितले. समोर आली ती करड्या रंगाची रिकामी चौकट आणि खाली ०:०० ही वेळ. त्रुटीचा संदेश एकही नव्हता. आपली मोजणीच चुकली असे समजून तिने दोन दिवस बसून सगळा कोड नव्याने लिहिला. खरे तर तिच्या मोजणीत काहीच चूक नव्हती.

पहिली अडचण फाईलच्या जागेची होती. कोलॅबमध्ये फाईल दूरच्या यंत्रावर असते आणि सेलखालचा निकाल ब्राउझर सुरक्षिततेसाठी वेगळ्या, बंदिस्त चौकटीत दाखवतो. पायथनला फाईल दिसते म्हणून ते तक्रार करत नाही, पण त्या चौकटीतून ब्राउझरला त्या फाईलपर्यंत पोचता येत नाही. नोटबुकात व्हिडिओ दाखवणाऱ्या आयपायथनच्या ‘व्हिडिओ’ या आज्ञेत ‘एम्बेड’ला ‘ट्रू’ केले की फाईलमधला सगळा मजकूर नोटबुकातच उतरवला जातो आणि हा प्रश्न मिटतो. अर्थात त्याची किंमत मोजावी लागते : फाईल अक्षरांत उतरवण्याच्या बेस६४ पद्धतीत तीन बाइटची चार अक्षरे होत असल्याने ३० एमबीच्या व्हिडिओने नोटबुक सुमारे ४० एमबीने फुगते, म्हणून दाखवण्यापुरता दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा घेणे बरे. स्वतःच्या लॅपटॉपवर ज्युपिटर हे नोटबुकाचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ज्युपिटरचा सर्व्हर ज्या फोल्डरमधून सुरू केला त्याच्या बाहेरची फाईल तो ब्राउझरला देत नाही; व्हिडिओ नोटबुकाशेजारी ठेवला की तो बहुतेक वेळा दिसतो.

एम्बेड करूनही तिची चौकट रिकामीच राहिली. मुलांचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच उडतो, कारण तीच फाईल डाउनलोड करून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडली तर सुरळीत चालते. व्हीएलसीजवळ जुन्यानव्या असंख्य कोडेकची (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतींची) सोय असते, ब्राउझरजवळ मोजक्यांचीच. पुस्तिकेत फाईल लिहिण्यासाठी ‘एमपी४व्ही’ ही कोडेक सांगणारी चार अक्षरे दिलेली असतात. त्यांनी तयार होणारी फाईल नावाला एमपी४ असली तरी आतले चित्र जुन्या एमपेग-४ भाग २ पद्धतीचे असते आणि क्रोम ते चालवत नाही. एमपी४ फाईलमध्ये एच.२६४ हे कोडेक असले की ब्राउझरला ती सहसा चालते. त्या अक्षरांऐवजी ‘एव्हीसी१’ लिहूनही बहुधा उपयोग होत नाही, कारण पायथनसाठी मिळणाऱ्या ओपनसीव्हीच्या तयार पॅकेजात परवान्याच्या कारणाने एक्स२६४ हा एच.२६४ लिहिणारा एन्कोडर घातलेला नसतो. म्हणून व्हिडिओ लिहून झाल्यावर एफएफएमपेग या व्हिडिओ-रूपांतराच्या प्रोग्रामने तो एकदा रूपांतरित करावा : एन्कोडर ‘लिबएक्स२६४’ आणि पिक्सेलची मांडणी ‘वाययूव्ही४२०पी’. या मांडणीत लांबी-रुंदी सम संख्येत असावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे. माझ्या टेबलावर हे रूपांतर अर्ध्या मिनिटात झाले आणि नाक्यावरच्या रिक्षा, एसटी, दुचाकी हिरव्या चौकटींसह नोटबुकात धावू लागल्या.

फाईल व्हीएलसीतही चालत नसेल, तर दोष लिहिण्यात असतो. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी, ‘रिलीज’ ही फाईल बंद करण्याची आज्ञा दिल्यावर लिहिली जाते. ती ओळ राहिली किंवा सेल मध्येच थांबवला तर फाईल वाचताच येत नाही. फाईल काहीशे बाइटचीच दिसली तर फ्रेमचा आकार तपासावा. चित्र आकड्यांच्या तक्त्यात ठेवणारे नमपाय हे पॅकेज आधी उंची सांगते आणि ओपनसीव्हीचा व्हिडिओ-लेखक आधी रुंदी मागतो. दोन्हींची अदलाबदल झाली की तो एकही फ्रेम लिहीत नाही आणि तसे सांगतही नाही.

एवढा मजकूर प्रयोगपुस्तिकेच्या अर्ध्या पानात बसतो, तरी मी पाहिलेल्या एकाही पुस्तिकेत तो नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या बाह्य परीक्षकांनी एका गटाच्या नोंदीत ‘आउटपुट दिसले नाही’ एवढेच लिहून गुण कमी केले; फाईल उघडून पाहण्याची मुलांची विनंती त्यांनी मान्य केली नाही. याचे मला फार वाईट वाटले. पुस्तिका तयार करणाऱ्या अध्यापकांनी पुढच्या आवृत्तीत हे अर्धे पान घालावे, आणि नोटबुकात चौकट रिकामी दिसली तर परीक्षकांनी तीच फाईल व्हीएलसीमध्ये उघडून पाहावी आणि मगच गुण द्यावेत, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक अध्यापिका, सातारा