सहलीआधी गावातला वीरगळ वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर शाळांच्या सहली ठरलेल्या गडांकडे निघतात. मुले माहितीफलक वहीत उतरवतात आणि विषय संपतो. पुरावा तपासायला शिकवायचे असेल, तर देवळामागचा शेंदूर फासलेला वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, पुरेसा आहे. दहावीच्या पुस्तकातला इतिहासलेखनाचा भाग त्याच्यासमोर जास्त कळतो.

लागोपाठचे दोन तास घ्यावेत. एका दगडापाशी पाचच मुले. जास्त झाली की मागची गप्पा मारतात. कागदावर तीन रकाने: 'दिसते', 'वाटते', 'कळत नाही'. पहिली दहा मिनिटे शिक्षकांनी गप्प राहावे, आणि हेच सर्वांत अवघड जाते. 'हा अमक्या सरदाराचा दगड' असे एकदा सांगितले, की मुलांना तेवढेच दिसते. बरे, ते सांगणेही अनेकदा चुकीचे. गावोगाव वीरगळ मावळ्यांचे म्हणून दाखवतात. त्यातले बरेच शिलाहार-यादव काळातले, शिवकाळाच्या काही शतके आधीचे असतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य. खाली गुरे कोरलेली असतील, तर मरण बहुधा गोधनासाठीच्या झुंजीत आलेले. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला, तर ती सतीशिळा. तिची नोंद वेगळी.

नक्षी झिजलेली असते, म्हणून सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जावे. भर दुपारी दगड सपाट दिसतो. सावलीत मोबाईलची बॅटरी एका बाजूने, दगडालगत धरावी. खडू किंवा पीठ चोळू नये, शेंदूर खरवडू नये. गाव त्या दगडाला देव मानते. पुजाऱ्यांना आधी विचारलेले बरे. फोटोत 30 सेंमीची पट्टी उभी ठेवली नाही, तर नंतर उंची कळत नाही.

शहरातल्या शाळांनी हताश होऊ नये. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत आणि त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. ती नेमकी कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वर्गात वाद घालायला याहून चांगला विषय कोणता?

तपासताना रकान्यांची सरमिसळ पाहावी. 'घोड्यावर राजा' हे 'दिसते'मध्ये लिहिले तर गुण कापावा. दिसतो तो घोड्यावरचा माणूस. राजा हा तर्क, आणि तर्काला कारण हवे. 'कळत नाही'मधल्या चांगल्या प्रश्नालाही गुण द्यावेत, नाहीतर मुले तो रकाना कोराच ठेवतात.

शेवटी दगडाची जागा आणि तोंडाची दिशा नकाशावर टिपून एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. देवळाच्या जीर्णोद्धारात असे दगड हलवले जातात, कधी पायरीलाही बसवले जातात.

आपले,
माध्यमिक शाळांतील काही इतिहास शिक्षक