मॅनेजर परत आला म्हणून डायरेक्टर खुळे ठरत नाहीत

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी पुरवणीत ओपनएआयवरचा (चॅटजीपीटी काढणारी अमेरिकन कंपनी) लेख वाचला. 2023 ला तिथल्या बोर्डानं सीईओ सॅम ऑल्टमनला काढलं आणि पाच दिवसांत परत घ्यावं लागलं म्हणजे बोर्डच खुळं, असा सगळा सूर. मला पटलं नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर कापा.

2015 ला ओपनएआय ना-नफा संस्था म्हणून काढली, एआय सगळ्यांच्या भल्यासाठी करायचं म्हणून. पुढं पैसा लागतोय म्हटल्यावर 2019 ला तिच्या पोटात नफ्याची कंपनी काढली, मायक्रोसॉफ्टनं 1 अब्ज डॉलर घातले, पण वर बसलेलं बोर्ड ना-नफा संस्थेचंच आणि त्यांचं काम गुंतवणूकदाराचं भलं बघायचं नव्हतं, मूळ उद्देश सांभाळायचं होतं. सीईओला घालवायचा अधिकार त्यांचाच. 17 नोव्हेंबर 2023 ला चौघांनी तो वापरला.

चुकले कुठं, तर तोंड उघडलं नाही तिथं. हा माणूस आमच्याशी नेहमी मोकळेपणानं बोलत नव्हता, अशा अर्थाचं एक वाक्य काढलं आणि गप्प बसले. बोर्डावरच्या हेलन टोनर यांनी नंतर सांगितलं की चॅटजीपीटी आल्याचं आम्हाला ट्विटरवरून कळलं, पण ते सांगितलं कधी, तर मे 2024 मध्ये! अहो, तेव्हा ऐकायला कोण बसलंय?

एवढ्या तावानं लिहायचं कारण म्हणजे आमच्या खानापूर भागातल्या एका सौहार्द सोसायटीत (म्हणजे सहकारी पतसंस्थाच, नाव लिहीत नाही) मी डायरेक्टर होतो. मॅनेजर आम्हाला न विचारता मोठाली कर्जं वाटत होता. आम्ही रात्री मीटिंग घेऊन त्याला घरी बसवला आणि कारण कुणाला सांगितलं नाही, का तर ठेवीदार घाबरतील. सकाळी दारात ही लाईन! कारण माहीत नाही म्हटल्यावर लोक पैसे बुडाले असंच धरून चालतात. आठ दिवसांत मॅनेजर खुर्चीत आणि आम्ही तिघं घरी, चौथ्यानं तेवढं जमवून घेतलं. तिकडंही काढणाऱ्या चौघांतला एकटा अॅडम डी'अँजेलो राहिला.

लेखात कर्मचाऱ्यांच्या सह्यांचं फार कौतुक केलंय. 770 च्या आसपास लोक, त्यातल्या 700 हून जास्त जणांनी लिहून दिलं की ह्याला घ्या नायतर आम्ही मायक्रोसॉफ्टला जातो. इल्या सुट्स्केव्हर यांनीसुद्धा सही केली, ऑल्टमनला काढणाऱ्यांत ते स्वतः होते बघा. पण तेव्हाच कर्मचाऱ्यांचे शेअर विकायचा व्यवहार चालला होता, कंपनीची किंमत 86 अब्ज डॉलर धरून, हे लेखात कुठंच नाही. हातातोंडाशी आलेला घास जाणार असेल तर मीही सही केली असती, नावं ठेवत नाही मी, पण त्याला जनतेचा कौल म्हणू नका की.

आणि सोसायटीला निदान सभासद असतात. वार्षिक सभेत चिवडा खाता खाता का होईना, कोणतरी उठून विचारतंय की थकबाकी किती. तिथं बोर्डच पुढचं बोर्ड नेमणार, खाली सभासद नाहीत, मत नाही. मग ते चौघं पाठिंबा मागायला जाणार कुणाकडं? माझी पुतणी बेंगळूरला ह्याच लाईनीत आहे, ती म्हणते, काका तुमच्याकडं लाईन तरी ठेवीदारांची होती.

ऑक्टोबर 2025 मध्ये ओपनएआयची घडी परत बदलली, मूळ ना-नफा संस्थेकडं (आता तिला फाउंडेशन म्हणतात) 26 टक्के आणि मायक्रोसॉफ्टकडं 27 टक्क्यांच्या आसपास वाटा, बोर्ड नेमायचा हक्क मात्र फाउंडेशनकडंच. म्हणजे कागदावर सीईओला काढायची सोय अजून आहे. 2023 चं बघितलेला कुठला डायरेक्टर ती वापरणार, ह्यावर तुमच्या लेखकानं चार ओळी लिहायला हव्या होत्या, पुढच्या रविवारी लिहिल्या तरी चालतील.

आपला,
एक जुना वाचक, खानापूर