घरातल्या शिलाई मशीनवरची नोटीस आणि तळमजल्यावरची कुलूपबंद खोली

मा. अध्यक्ष साहेब, नमस्कार,

आधी दोनदा सेक्रेटरींकडे अर्ज दिला, पोच मिळाली नाही, म्हणून आता थेट तुम्हाला लिहितेय, राग मानू नका.

"निवासी घरात धंदा बंद करा" अशी नोटीस माझ्या दाराला चिकटवली, तीही मी घरी असताना, बेल न वाजवता. मी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. मशीन घरगुती आहे, पायांखाली गोधडीची घडी घातलीय, रात्री नऊनंतर मी मशीनला हात लावत नाही. डीसीपीआर २०३४ मध्ये, म्हणजे मुंबईच्या बांधकाम-विकासाच्या नियमावलीत, घरगुती व्यवसायाला परवानगी आहे, घरातल्याच माणसाने करायचा, पगारी कामगार नको, बाहेर बोर्ड नको. यातलं मी काय मोडलंय सांगा? शेजारची ताई ब्लाऊजला हुक लावायला बसते पण ती मैत्रीण आहे, कामगार नाही. छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, उद्यम रजिस्ट्रेशन, तीसुद्धा याच पत्त्यावर आहे.

तक्रार कोणाची आहे ते अख्ख्या बिल्डिंगला माहितीय. त्याच काकांच्या हॉलमध्ये रूम भाड्याने देण्या-घेण्याचं टेबल चालतं, रोज अनोळखी माणसं लिफ्टने वर जातात, त्यांना नोटीस का नाही? जिन्यात माझ्या गिऱ्हाईक बायकांना "कोणाकडे, कशाला" विचारतात ते वेगळंच, आणि मागच्या वर्षी पाण्याच्या वेळेवरून माझ्या सासूबाईंना काय बोलले ते मी अजून विसरले नाही.

आता खोलीचं. आपली बिल्डिंग एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची आहे आणि त्याच नियमावलीच्या नियम ३३(१०) मध्ये अशा बिल्डिंगांसाठी बालवाडी, वाचनालय यांच्यासोबत महिला उद्योजकता केंद्राचंही नाव आहे. आपल्याकडे तळमजल्यावरच्या कल्याण केंद्राच्या खोलीत मोडक्या खुर्च्या, ताडपत्र्या आणि कोणाची तरी जुनी बाईक, चावी सेक्रेटरींकडे. वरच्या मजल्यावरच्या दोघीजणी पार्लरचा कोर्स करून बसल्यात, एक जण पापडाच्या ऑर्डर परत पाठवते कारण तीनशे फुटांत मुलांचा अभ्यास, स्वयंपाक आणि वाळवण एकदम होत नाही. चाळीस-पन्नास वर्षं झोपडीत याच बायकांनी घरात बसून कामं करून घरं चालवली, तेव्हा कोणी नोटीस लावली नव्हती. सगळ्या माझ्या बाजूने आहेत, फक्त सही करायला घाबरतात.

येत्या मिटिंगमध्ये नोटीस मागे घ्या, खोलीची चावी दुपारी बायकांकडे द्या आणि दोन्ही गोष्टी मिनिट्समध्ये लिहा. नोटीस ठेवायचीच असेल तर काकांच्या दारालाही लावा. मेंटेनन्स मी कधी थकवला नाही. यावेळी पोच लागेल, सही-शिक्क्यासकट.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची सभासद